उंबऱ्याच्या आतली माती

आयला बघायला म्हणून मी कर्जतहून आले आणि तासाभरात घराबाहेर पडले. ती माझ्याशी बोलली नाही असं नाही. "जेवलीस का" विचारलं, "जावयाची शाळा कशी हाय" विचारलं, आणि मग डोळे मिटून पडून राहिली. तिचं आता फार दिवसांचं नाही, हे मला दिसत होतं आणि तिला माझ्याआधी कळलेलं होतं. मी पायांत वहाणा सरकवल्या आणि नदीच्या अंगाला चालू लागले. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं, असं आपलं म्हणायचं. माहेरी आले की माझे पाय तालमीकडेच जातात, आणि गेल्यावर दर वेळी वाटतं की उगाच आले.

तालीम आता तालीम नाही. शिळफाट्याच्या एका व्यापाऱ्याची गवताची वखार आहे. पौषाचे दिवस, गवत कापून झालेलं. दोन माणसं लाकडी साच्यात गवत भरून वरून दाबत होती आणि दोरखंडानं गाठी आवळत होती. बाहेर बैलगाडी उभी. इथून कर्जत स्टेशन आणि तिथून मुंबईच्या तबेल्यांत. माझी सावली दारात पडली तसा त्यातला एकजण म्हणाला, "कोन पायजे, बाय?"

"कोणी नाही. ही आमची तालीम होती."

"तालीम? हितं?" त्यानं छपराकडे बघितलं, जसं काही तिथे लिहिलेलं असेल. "मी आल्यापास्नं तर गवातच हाय. या ना आत, उनात कशाला हुब्या?"

मी आत गेले. इतकं सोपं होतं ते. गवताच्या धुरळ्यानं शिंका आल्या. त्या वासाखाली मी दुसरा वास शोधला. हळद, आंबलेलं ताक, एरंडेल, कापूर आणि त्यावर घाम. आठवणी लिहिणारी माणसं अशा वेळी म्हणतात की तो वास अजून तिथेच आहे. मला नाही आला. नाही म्हणजे नाही. गवत होतं आणि गवताचा वास होता.

मी फार लहान होते तेव्हा खोपोलीला वीज करायला डोंगरावरून पाण्याचे मोठाले नळ उतरवायचं काम निघालं. माणसं पाहिजेत अशी हाळी उठली आणि आमच्या गावचे झाडून सारे तरणे पुरुष धोतरं खोचून गेले. दुपारपर्यंत निम्मे परत आले. ठेकेदाराच्या माणसानं त्यांना ओळीत उभं करून दंड चाचपले होते, पोटावर हात ठेवून बघितला होता, आणि म्हणाला होता, जा, घरी जाऊन भात खा. काम मिळालं ते घाट उतरून आलेल्या भाकरी खाणाऱ्या माणसांना. आमच्या उंबऱ्यावरून दिसणाऱ्या डोंगरावर परकी माणसं घण घालत होती आणि आमची माणसं पारावर बसून त्यांच्याकडे बघत होती.

सर्वांत आधी ज्याला परत धाडलं तो माझा भाऊ सखाराम. मी त्याला दादा म्हणायची. हिवताप आमच्या पाचवीलाच पुजलेला. दर आश्विनात दादा गोधड्यांखाली थडथडायचा. पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढून पोट नगाऱ्यासारखं पुढे आलेलं, हातापायांच्या काड्या, डोळे पिवळे. बा आमचा मी पाळण्यात असतानाच गेला. माझ्या आधीची आयची लेकरं याच तापानं गेली. दादा आणि मी उरलो. मुलगी उरली याचं कोणाला विशेष वाटलं नाही, मलाही नाही. पण दादा उरला, म्हणून आय दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालायची. तिचं मागणंही मोठं नव्हतं. राज्य नको, वतन नको, "एवढा जगू दे" एवढंच.

त्याच पारावर एक दिवस वस्ताद येऊन बसले. नाव काहीतरी होतं, ते कोणी कधी घेतलं नाही. देशावरचा माणूस, नळांच्या कामावर आलेला. नळ घसरून पायावर आला आणि काम सुटलं. लंगडत वर कशाला जायचं म्हणून खालीच राहिला. जवानीत कुस्त्या केलेल्या, एक कान चुरगळलेला. दादाकडे बघून म्हणाले, "भातानं मानूस बारीक हुत न्हाई रं पोरा. बसल्यानं हुतो. तालीम बांधा."

"आमच्यात कुठं पैलवान हायत?" कोणीतरी विचारलं.

"म्हनून तर बांधायची. पैलवान अस्ते तर काय गरज व्हती?"

सुगी आटोपली आणि गाव कामाला लागलं. गावाला एवढा उत्साह मी नंतर कधी पाहिला नाही, लग्नातसुद्धा नाही. नदीतले गोटे, वाहाळातली वाळू, डोंगरातून सागाचे वासे. मारुतीच्या देवळाला लागून जमीन पुरुषभर खणली, म्हणजे अर्धी तालीम भुईच्या पोटात. दार एवढं ठेंगणं, की मान वाकवल्याशिवाय कोणाला आत जाता येऊ नये. चार भिंतींत मिळून उजेडाला एक कवाडं नसलेलं भोक, तेही छपराला टेकलेलं. आय गोटे वाहत होती, ती थांबून म्हणाली, "येवढी पोरं आत घुसायची आन खिडकी नाय ठेवीत?"

वस्ताद हसले. "माय, घामेजल्या अंगाला वारा लागला की पोरगं आडवं झालंच समज. तालमीत वाऱ्याला मज्जाव."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पटण्यासारखंच होतं ते.

मग माती. कुस्तीच्या हौदाची माती विकत आणत नाहीत. दर घरानं आपापल्या शेतातली एक पाटी आणायची, असं ठरलं. आयनं आमच्या खाचराच्या त्या कोपऱ्यातली खणली जिथे भाताचं रोप सगळ्यात दाट यायचं. डोंगरातल्या वाडीवरून हिरी ठाकरीण हिरडे आणि मध विकायला उतरायची, तिनं एक दिवस डोक्यावरून वारुळाची लालभडक माती आणली आणि हौदाच्या काठाशी उभी राहिली. "आमची बी घ्या," एवढंच बोलली. दोन-चार नाकं मुरडली. वस्तादांनी पाटी तिच्या हातातून घेतली आणि मधोमध ओतली, नाकं जागच्या जागी आली.

ती माती बायकांनी चाळली. खडा म्हणून ठेवला नाही. त्यात ताक, हळद, काव, कापूर, तिळाचं तेल. आणि मळली आम्ही पोरींनी, पायांनी, परकर गुडघ्यांवर खोचून, गाणी म्हणत. पायाच्या बोटांमधून ती थंड, तेलकट माती वर यायची आणि गुदगुल्या व्हायच्या. कितीतरी दिवस आमचे तळवे पिवळे होते. मी झोपताना पाय नाकाशी आणून हुंगायची, आय म्हणायची, "ही पोर येडी हाय."

कोनाड्यात शेंदराचा मारुती बसला, नारळ फुटला, आणि वस्ताद दारात येऊन म्हणाले, "आता बायामानसांनी उंबऱ्याच्या भायेर." कालपर्यंत आमच्या पायांखाली असलेली माती आज आमच्या पायांनी विटाळणार होती. मला रडू कोसळलं. त्या मारुतीचा मला तेव्हा राग आला, तो अजून गेलेला नाही. आयनं मात्र बाहेरूनच हात जोडले. मला जवळ घेऊन म्हणाली, "त्याचा नेम हाय गं. नेम पाळला का तो पोरांना सांभाळतो."

मग ती वर्षं आली. किती ते मी सांगणार नाही, सांगितलं की ती थोडी वाटतात. पहाटे अंधारातच दादा उठायचा. मी दुधाचा तांब्या घेऊन मागोमाग जायची आणि उंबऱ्यावर ठेवून तिथेच थांबायची. आतून शड्डूचे आवाज, अंग आपटल्याचा धप्प आवाज, धापा, वस्तादांच्या शिव्या. वर डोंगरात ठाकूरवाडीच्या चढावर गाडी लागलेली असायची. पुढे एक इंजिन, मागून ढकलायला आणखी इंजिनं, सगळी मिळून भकभक करत. दादा दूध प्यायला बाहेर यायचा, अंगाला लाल माती फासलेली, आणि म्हणायचा, "ऐकलंस? ती बी जोर काढते. पन वस्तादाच्या शिव्या खात नाय म्हनून दमते." आता तिथे विजेची इंजिनं आली आहेत. ती दमत नाहीत आणि त्यांच्याकडे बघून कोणाला हसू येत नाही.

दादाचं पोट आत गेलं. खांदे रुंद झाले. पुढच्या आश्विनात ताप आला तो दोन दिवसांत गेला, त्याच्या पुढच्या आश्विनात आलाच नाही. आय रोज मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची, मिरच्यांच्या खकाण्यानं आम्ही दोघं खोकत बाहेर पळायचो. "आय, नजर लागून मरेन का नाय ते ठाव नाय, मिरचीनं नक्की मरेन," दादा ओरडायचा. एका जत्रेत त्यानं घाटावरचा पैलवान चीत केला. लोकांनी खांद्यावरून आणला, गुलालात माखलेला, डोक्याला फेटा. आय त्याच्या दंडावरून हात फिरवत राहिली. एकदा, दोनदा, फिरवतच राहिली, बाजारात आपण कापड बघतो तशी. "ह्ये माझंच का रं?" म्हणाली. सगळे हसले. ती हसली नाही, तिला खरंच विचारायचं होतं.

गावात दवाखाना नव्हता, माती होती. लचकलं, मुरगळलं, हाड सरकलं की तालीम. कडेला चुलीवर वस्तादांचं करंजाचं तेल आणि निरगुडीचा पाला कायम कढत असायचा. शनिवारी पाणथरीची पोरं यायची, बापांच्या खांद्यावर बसून, पार लोधिवलीहूनसुद्धा. वस्ताद त्यांच्या पोटांवर माती चोळायचे, उबदार मातीत गळ्यापर्यंत निजवायचे. पोरं गाढ झोपायची. माती दुखणं ओढून घेते, असं वस्ताद म्हणायचे. खोटं कसं म्हणावं? आमच्या घरात तर पुरावा हिंडत होता, दारातून वाकून आत येणारा.

मानमोडीच्या, म्हणजे त्या मोठ्या इन्फ्लुएंझाच्या साली पावसानं आधीच दगा दिला होता. लोंब्या भरल्याच नाहीत, भात उभ्या उभ्या पेंढा झालं. कर्जतहून बातमी आली की रेल्वेच्या चाळींत माणसं पटापट मरताहेत. बातमीच्या पाठोपाठ दुखणंही आलं. ताप आमच्या ओळखीचा होता, त्याला कोणी भ्यायलं नाही. पण हा हुडहुडी घेऊन येणारा ताप नव्हता. आधी अंग मोडायचं. मान कोणीतरी पिरगाळल्यासारखी दुखायची, पाठ भरून यायची, हाडं ठणकायची. आणि अंग मोडणाऱ्या माणसानं कुठे जायचं हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

सगळे तालमीत गेले. तेल कढलं, माती उकरली, हळदीचं कढत पाणी शिंपलं. वारा नको म्हणून दाराला घोंगडी लावली. पैलवान पोरं आजाऱ्यांच्या पाठी चोळत होती, त्यांना मातीत निजवत होती, वरून माती ओढत होती. दादा सगळ्यांत पुढे. दोन दिवस तो घरी आला नाही. तांब्या उंबऱ्यावर ठेवला की घोंगडीच्या फटीतून त्याचा हात बाहेर यायचा. तिसऱ्या दिवशी हात आला नाही. आतून खोकल्याचे आवाज येत होते, एकात एक मिसळलेले, त्यातला दादाचा कुठला ते मला ओळखता येईना. हिरी मुळ्या घेऊन आली, दाराशी थोडी उभी राहिली, मुळ्या तिथेच ठेवून निघून गेली. पुन्हा ती कधी उतरली नाही. तिच्या वाडीतल्या चुली विझल्या असं पुढे ऐकलं.

आय आणि मी दुपारी गेलो. उन्हाचा कडाका. आयनं घोंगडी बाजूला सारली तशी आतून ऊन वाफ अंगावर आली. अंधाराला डोळे सरावले तेव्हा दिसलं, हौदात माणसंच माणसं, आणि दाराच्या समोरच दादा. छातीपर्यंत मातीत. तोंड निळसर, पण डोळे उघडे.

"सखा, घरी चल रं," आय म्हणाली.

"हितं ऊब हाय, आय. वाईच पडतो."

"वस्ताद, मी आत येऊ? निस्ता कपाळाला हात लावते."

वस्ताद भिंतीला टेकून बसले होते, तेही तापानं फणफणलेले. त्यांनी नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. नाही म्हटलं असतं तर आय भांडली असती, तिचं भांडण मला माहीत होतं. ते म्हणाले, "तुझी मर्जी, माय."

आयनं पाय उचलला. उंबऱ्याच्या वर, अधांतरी. मी बघत होते. तिथून दादापर्यंत खाटेएवढंही अंतर नव्हतं. मग तिनं पाय हळूच मागे घेतला आणि कोनाड्यातल्या मारुतीकडे बघून म्हणाली, "नको. आताच त्याचा नेम मोडला तर रागावंल. लेकरं त्याच्या पदरात हायत."

"मी जाते," मी म्हटलं. तिनं माझं मनगट असं आवळलं की बांगडी फुटली.

ती उंबऱ्याबाहेर बसली. दिवस कलेपर्यंत बसून दादाशी बोलत राहिली. म्हशीचं सांगितलं, लोधिवलीच्या स्थळाचं सांगितलं, पोरगी सावळी हाय पन नाकी-डोळी नीटस, असं सांगितलं. तो मधूनमधून "हूं" म्हणायचा. मग खोकायचा. मग नुसता खोकायचा. कधीतरी आयचे शब्द अडखळायला लागले, मी हात लावला तर तिचं अंग भाजत होतं. चुलती आणि मी तिला धरून घरी आणली तेव्हा ती शुद्धीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तालमीतून आवाज नव्हता. उभा राहू शकेल असा पुरुष गावात शोधावा लागत होता. मग बायकांनी पदर कमरेला खोचले आणि आम्ही आत गेलो. कोणी अडवलं नाही. मारुती काही बोलला नाही. इतकी वर्षं मी ज्या उंबऱ्यावर तांब्या ठेवून उभी राहायची, तो ओलांडायला काहीच लागत नव्हतं. चुलतीनं माती उकरली, दादाच्या खांद्यांना धरलं, मी पाय धरले. केवढा जड होता तो. आयनं केवढा मोठा केला होता त्याला. हिवतापाच्या पोटाची, काड्यांच्या पायांची दोन-तीन माणसं त्या साथीतून उठली. पैलवानांतला एकही उठला नाही. का, ते मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारत बसले नाही.

लाकडं पुरली नाहीत. पाताळगंगेच्या काठचा धूर किती दिवस गावावर बसून होता, भातालाही तोच वास. वस्ताद वाचले. उठता-बसता यायला लागल्यावर तालमीच्या दाराशी येऊन बसायचे. त्यांना कोणी शिवी दिली नाही, कोणी रामरामही घातला नाही. एके सकाळी ते घाटाच्या वाटेनं लंगडत वर निघून गेले. नंतर गावात बोलणं सुरू झालं की बाया आत शिरल्या, नेम मोडला, म्हणून पोरं गेली. पोरं आधी गेली होती आणि आम्ही मागाहून शिरलो होतो. पण दुःखाला मागचं-पुढचं कुठे कळतं.

आय पंधरा-वीस दिवसांनी बसती झाली. तिला सांगितलं. तिनं ऐकलं, आणि "म्हशीला पानी दावलं का?" म्हणाली. त्या दिवसापासून आजतागायत तिनं दादाचं नाव उच्चारलं नाही. माझं लग्न एका शाळामास्तरांशी झालं, त्यांनी मला लिहायला शिकवलं, मला लेकरं झाली, त्यातलं एक गेलं. ती रडायला आली, तेव्हाही नाही. तालीम पडून राहिली. माती चिरा पडून कातळासारखी झाली, शेळ्या बसायला लागल्या, मग व्यापाऱ्यानं कुलूप लावलं. मध्ये गावातली नवी पोरं पुन्हा तालीम काढायची म्हणत होती. दोन बैठका झाल्या, तिसरीला कोणी आलं नाही.

मी वखारीतून परतले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. आय जागी होती. मी तिच्या पायाशी बसले आणि पाय दाबायला लागले, काठीसारखे झालेत आता. बराच वेळ गेला. मला वाटलं झोपली.

"तू पाय धरलं व्हतंस ना त्याचं?" ती म्हणाली.

कोणाचे, असं मी विचारलं नाही. "होय," म्हटलं.

"ऊब व्हती?"

खरं सांगायचं तर माती गरम होती. तेलाची, हळदीच्या पाण्याची, एवढ्या माणसांच्या तापाची ऊब रात्रभर तिनं धरून ठेवली होती, आणि ती दादाच्या पायांना लागलेली होती. त्यात त्याची स्वतःची काही होती का, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. पण एवढी वर्षं एक प्रश्न पोटात धरून बसलेल्या बाईला मातीचं काय सांगू? निदान थंडगार तरी नव्हता, एवढं तिला मिळावं, असं मला वाटलं.

"होती, आय," मी म्हटलं. "चांगली ऊब होती."

अगदी साध्या आवाजात, हिशेब लागल्यासारखी ती म्हणाली, "म्हंजी सकाळपातूर व्हता त्यो. सारी रात माझी वाट बघत व्हता."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण ऊब होती, हे मीच तर सांगितलं होतं.